कॅडबरी कोण होती?

परवा ठाण्याच्या बसमध्ये एक गंमत झाली. कंडक्टरने पुकारा केला, "चला कॅडबरी! कॅडबरीवाले पुढे व्हा!" शेजारी बसलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातीने डोळे मोठ्ठे केले. "आजी, ही सगळी माणसं कॅडबरी खायला उतरतायत?" तिला सांगितलं, अगं, इथे कॅडबरीचा कारखाना उभा राहिला, म्हणून ह्या चौकालाच कॅडबरी म्हणू लागले. थोडा वेळ ती गप्प बसली. मग तिने विचारलं, "पण आजी, कॅडबरी कोण होती? गाय होती का?"

पुढच्या बाकावरच्या दोघी फिसकन हसल्या. मीही हसले. पण मैत्रिणींनो, घरी आल्यावर वाटलं, पोरीचं काय चुकलं? आपण तरी कधी विचारलं? वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत आलो, तसं चॉकलेटला कॅडबरी. "एक कॅडबरी द्या" म्हटले की दुकानदार वाटेल त्या कंपनीची वडी पुढे करतो आणि आपणही घेतो. हे कुणाचे तरी आडनाव आहे, त्या आडनावाच्या माणसांनी कुठे तरी दुकान थाटले, कर्ज-काळज्या केल्या, नाव कमावले आणि एकदा चांगलीच मान खाली घातली, हे आपल्या गावीही नसते. म्हणून ह्या आठवड्यात लोणची-पापड बाजूला ठेवून एका घराण्याची गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचे कारखानदारीचे शहर आहे. तिथे बुल स्ट्रीटवर १८२४ साली जॉन कॅडबरी नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने किराणा मालाचे दुकान काढले. चहा, कॉफी, आणि त्याबरोबर स्वतः खलबत्त्यात कुटलेला कोको. हो, खलबत्त्यात! आपण वेलदोडा-जायफळ कुटतो तसा. चॉकलेट ही तेव्हा खायची गोष्ट नव्हती, प्यायची होती, आणि तीही पैसेवाल्यांनी.

ही मंडळी क्वेकर पंथाची. ख्रिस्ती लोकांतलाच हा एक छोटा, साधा पंथ. भपका नाही, युद्धाला विरोध, आणि दारूला तर अगदी कडकडीत विरोध. इंग्लंडच्या राजधर्माच्या बाहेरचे म्हणून ह्यांच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद होती. लढाई पाप मानत, म्हणून लष्कर नको. मग राहिले काय? व्यापार. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी, तिघेही कोकोवाले आणि तिघेही क्वेकर, तो योगायोग नव्हे. गरीब माणूस गुत्त्यात जातो कारण त्याला प्यायला दुसरे काही बरे मिळत नाही, त्याच्या हातात गरम कोकोचा पेला द्या, हा त्यांचा हिशेब. धर्मही साधला, धंदाही साधला.

१८३१ पासून जॉनने स्वतः माल तयार करायला सुरुवात केली, पुढे भावाला भागीदार घेतले, १८५४ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घरी माल पुरवण्याची सनद मिळाली. वाटलं असेल, आता सात पिढ्यांची ददात मिटली. पण पुढच्याच वर्षी जॉनची बायको वारली. त्याचीही प्रकृती ढासळली, दुकानाकडे लक्ष राहिले नाही. घरची बाई गेली की घरधन्याचा धंदासुद्धा कसा विसकटतो, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत पाहिलेले आहे. १८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज ह्या दोन मुलांच्या हाती कारभार आला तेव्हा एक पंचविशीचा, दुसरा एकविशीचा. कामगार उरले होते जेमतेम अकरा.

दोघांना आईकडून वारशाने प्रत्येकी चार हजार पौंड मिळाले होते. ते सगळे हळूहळू धंद्यात जाऊ लागले. जॉर्जने काटकसर म्हणून सकाळचे वर्तमानपत्रसुद्धा बंद केले म्हणतात. नाहीच जमले तर काय, हेही ठरले होते. रिचर्डने जमीन-मोजणीचे काम धरायचे आणि जॉर्जने हिंदुस्थानात येऊन हिमालयाच्या पायथ्याशी चहाचा मळा करायचा. म्हणजे थोडक्यात हुकलं बघा, नाहीतर आपण आज 'कॅडबरी चहा' पीत असतो!

आता त्या वेळचा कोको कसा असे ते ऐका, कारण सगळी मेख तिथेच आहे. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून जास्त चरबी असते. बी कुटून पाण्यात उकळले की तेलकट तवंग वर येतो. तो शोषून घ्यायला व्यापारी त्यात पिठे घालत. खुद्द कॅडबरींच्या कोकोत कोको असे पाचवा हिस्सा. बाकी काय? बटाट्याचा स्टार्च, साबुदाण्याचे पीठ आणि काकवी! (आपल्या उपासाचंच सामान की! एकादशीला कोको चालला असता.) इतर काही व्यापारी तर रंगासाठी विटेची भुकटी घालायलाही मागेपुढे पाहत नसत. तेव्हा कॅडबरी त्यातल्या त्यात बरे, एवढेच.

हॉलंडमध्ये व्हॅन हाउटन ह्या कोकोवाल्यांकडे बीमधली चरबी दाबून काढण्याचे यंत्र होते. जॉर्जला हॉलंडची भाषा येत नव्हती. तरी तो गेला, यंत्र विकत घेऊन आला, आणि १८६६ च्या अखेरीस दोघा भावांनी बिनपिठाचा कोको बाजारात आणला. 'कोको इसेन्स' त्याचे नाव. शुद्ध आहे म्हणून उत्तम आहे, अशी जाहिरात. पैसे संपत आलेल्या माणसाने भेसळ वाढवायची सोडून भेसळ काढून टाकायची, याला छाती लागते. त्याच सुमाराला अन्नातल्या भेसळीविरुद्ध डॉक्टर मंडळींनी ओरड चालवली होती. १८७२ आणि १८७५ मध्ये तिथे भेसळीचे कायदे झाले. कायद्याने सगळ्यांना जे करावे लागले ते हे आधीच करून बसले होते. दैव उघडले ते तिथे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कोकोतून चरबी काढली तर ती टाकायची कुठे? तिच्यात साखर आणि कोको मिसळून खायच्या वड्या आणि गोळ्या करू लागले. आपण आज खातो ते चॉकलेट म्हणजे एका अर्थी शुद्ध कोकोचे उरलेसुरलेच! आपण नाही का, लोणी कढवल्यावर बेरी टाकत नाही, साखर घालून पोरांच्या हातावर ठेवतो. रिचर्डचा हात चित्रकलेत चांगला. त्याने १८६८ च्या सुमारास गोळ्यांच्या खोक्यांवर चित्रे घालायला सुरुवात केली. एकावर तर आपल्याच लहान मुलीचे मांजराच्या पिल्लासह चित्र काढले. गोळ्या संपल्यावर बायका ती खोकी फेकत नसत, त्यांत बटणे, दोरे, जुनी पत्रे ठेवत. आपल्याकडच्या बिस्किटाच्या डब्यात आजही सुईदोराच निघतो, तेव्हा ह्या बाबतीत इंग्रज बाई आणि मराठी बाई एकाच शाळेतल्या.

धंदा वाढला तशी शहरातली जागा अपुरी पडू लागली. १८७९ मध्ये दोघा भावांनी कारखाना गावाबाहेर चार मैलांवर, मोकळ्या रानात नेला. जवळून बोर्न नावाचा ओढा वाहत होता, म्हणून जागेचे नाव ठेवले बोर्नव्हिल. (बोर्नव्हिटातले 'बोर्न' ते हेच बरं का.) पुढे १८९३ मध्ये जॉर्जने लगतची एकशेवीस एकर जमीन घेतली आणि दोन वर्षांनी घरे बांधायला सुरुवात केली. नुसती चाळ नव्हे. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडे, आणि घराने जमिनीचा चौथा हिस्साच अडवायचा असा दंडक. गुत्ता मात्र एकही नाही. १९०० साली तीनशेतेरा घरे झाली होती, तेव्हा ती सगळी मिळकत जॉर्जने एका विश्वस्त मंडळाला देऊन टाकली. पोरांच्या नावावर केली नाही. अकरा मुलांचा बाप होता, लक्षात घ्या!

कारखान्यात मुलींची संख्या मोठी. त्यांच्यासाठी वेगळे प्रवेशद्वार, बाग, पोहण्याचा तलाव, डॉक्टर, दातांचा दवाखाना. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. त्या काळातल्या इतर गिरण्या-कारखान्यांतल्या मुलींना हा स्वर्गच वाटला असेल. पण, आणि हा 'पण' आपण बायकांनी नीट ऐकायचा, लग्न ठरले की नोकरी संपली. विवाहित बाईला कामावर ठेवायचेच नाही, असा नियम. निरोपाला बायबलची प्रत आणि कार्नेशनचे फूल. खणानारळाने ओटी भरून वाटेला लावावे तसे! पगारही पुरुषांपेक्षा कमी. मालकांचा हेतू वाईट नव्हता. बाईची जागा घरी, ह्यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. पण श्रद्धा मनापासून असली म्हणून तिची किंमत मोजणारी मुलगी काही कमी मोजत नाही.

आणि गंमत अशी की त्याच जॉर्जची दुसरी पत्नी एलिझाबेथ कधी घरात स्वस्थ बसली नाही. पाच सावत्र आणि सहा पोटची मुले वाढवून ती शाळा, मुलांची आरोग्य तपासणी, बायकांच्या संघटना, सगळीकडे हजर. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला परिषदेसाठी इंग्लंडच्या बायकांची पुढारी म्हणून ती कलकत्त्याला आली, तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढचे. मालकिणीला जे चालते ते गड्डीवरच्या पोरीला चालत नाही, हा न्याय सगळ्या देशांत सारखाच दिसतो.

आता मान खाली घालण्याची गोष्ट. ती टाळून पुढे गेले असते तर ही जाहिरात झाली असती.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी साओ तोमे आणि प्रिन्सिपे अशी दोन बेटे आहेत. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते, म्हणजे आपल्या गोव्यावर होते तेच. ह्या बेटांवरचा कोको उत्तम. कॅडबरींच्या कारखान्यातला जवळजवळ निम्मा कोको तिथून येई. तिथे मळ्यांत राबणारी माणसे अंगोलातून आणलेली. कागदावर म्हणायचे करारावरचे मजूर, पाच वर्षांचा करार. प्रत्यक्षात रानातून पकडून, साखळ्या घालून किनाऱ्यापर्यंत चालवत आणलेली. पाच वर्षे संपली तरी कुणी परत जात नसे. गुलामगिरी कायद्याने केव्हाच बंद झाली होती, नाव बदलून ती चालू होती.

१९०१ मध्ये घराण्यातल्या विल्यम कॅडबरीच्या कानावर हे आले. त्याच वर्षी तिथला एक मळा विकायला निघाल्याची जाहिरात त्याने पाहिली. मळ्यातल्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांबरोबर माणसांचीही किंमत लावलेली होती. ह्यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? एखाद्या सामान्य गृहिणीने तेवढ्यावर दुकान बदलले असते. पण कॅडबरींनी माल घेणे बंद केले नाही. पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली, सुधारणेची आश्वासने घेतली. १९०५ मध्ये चौकशीला जोसेफ बर्ट नावाचा माणूस पाठवला. तो १९०७ मध्ये परत आला आणि त्याने सांगितले, गुलामगिरीच आहे. दरम्यान नेव्हिन्सन नावाच्या पत्रकाराने स्वतः तिथे जाऊन १९०६ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगून टाकले होते. १९०८ मध्ये विल्यम स्वतः जाऊन आला. शेवटी मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री तिघांनी त्या बेटांचा कोको घेणे थांबवले. पहिल्यांदा कानावर आल्यापासून आठ वर्षांनी!

त्यांचे म्हणणे असे की आम्ही गिऱ्हाईक आहोत म्हणून आमचे ऐकतात, आम्ही सोडले तर दुसरा कुणी घेईल आणि मजुरांची स्थिती आहे तशीच राहील. पटण्यासारखे वाटते ना? मलाही पहिल्यांदा वाचताना पटले. पण कारखाना चालू ठेवायला तोच कोको लागत होता, हेही तितकेच खरे.

'स्टँडर्ड' नावाच्या वर्तमानपत्राने सप्टेंबर १९०८ मध्ये जळजळीत लेख लिहिला. बोर्नव्हिलमधल्या कामगारांसाठी बागा आणि तलाव, आणि ज्यांच्या हातचा कोको त्यांच्यासाठी साखळ्या, हे कसले पुण्य? लेखामागे राजकारणही होते. जॉर्ज कॅडबरीच्या मालकीचे एक वर्तमानपत्र होते आणि ते दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या हालांबद्दल रकानेच्या रकाने लिहीत असे. दुसऱ्याच्या घरातला कचरा दाखवणाऱ्याच्या अंगणात कचरा सापडला, मग काय! कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये खुद्द बर्मिंगहॅममध्येच तो चालला. विरुद्ध बाजूचा वकील एडवर्ड कार्सन मोठा नामांकित. त्याने विल्यमला शेवटी विचारले की ह्या आठ वर्षांत तुमच्या कोकोपायी किती गुलाम मेले, ह्याचा कधी अंदाज घेतला होता का? उत्तर होते, नाही.

निकाल कॅडबरींच्या बाजूने लागला. लेख बदनामीकारक ठरला. नुकसानभरपाई किती? एक फार्दिंग. पेनीचा चौथा भाग. त्या वेळच्या विनिमयाच्या दराने आपला जुना एक पैसा. पंचांनी जिंकवलेही आणि अब्रूची किंमतही सांगून टाकली. दावा हरले असते तर कदाचित कमी लागले असते. त्या बेटांऐवजी त्यांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानामधून कोको घ्यायला सुरुवात केली. तिथे लहान शेतकरी स्वतःच्या जमिनीत पिकवत होते.

ह्या सगळ्या वादळातच आपली ओळखीची वडी जन्माला आली. दूध घातलेले चॉकलेट स्विस लोकांनी आधीच, १८७५ च्या सुमारास, काढले होते आणि इंग्लंडची बाजारपेठ खाऊन टाकली होती. जॉर्जच्या मुलाने, त्याचेही नाव जॉर्जच, पुष्कळ खटपट करून दूध जास्त असलेली वडी तयार केली. १९०५ मध्ये ती आली. नाव 'डेअरी मेड', म्हणजे गवळण, असे ठेवणार होते. एका गिऱ्हाइकाच्या मुलीने 'डेअरी मिल्क' बरे वाटेल असे सुचवले म्हणून सांगतात. तेव्हा माझ्या नातीचा गाईचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता!

आपल्याकडे कॅडबरी कंपनी म्हणून आली ती जुलै १९४८ मध्ये, मुंबईत. पण घराण्याचा आणि आपला एक जुना धागा आहे. जॉर्जने आपले राहते घर, वुडब्रुक, १९०३ मध्ये क्वेकर मंडळींच्या अभ्यासकेंद्रासाठी देऊन टाकले होते. गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी ऑक्टोबर १९३१ मध्ये त्या घरी जाऊन आले. कंपनीने आधी बाहेरून माल आणून इथे विकला, मग ठाण्याला आणि तळेगावजवळ इंदुरीला कारखाने काढले. १९६५ पासून केरळातल्या शेतकऱ्यांना नारळी-पोफळीच्या सावलीत कोको लावायला शिकवले. आपल्या लहानपणी वडी मिळायची ती परीक्षेत पास झाल्यावर किंवा मुंबईचे काका आल्यावर, आणि चौघांत एक चौकोन चौकोन वाटून. मोठ्या माणसांनी चॉकलेट खाणे जरा चोरूनच. १९९४ मध्ये क्रिकेटच्या मैदानावर नाचत धावत जाणाऱ्या मुलीची ती जाहिरात टीव्हीवर आली आणि मोठी माणसे उघड उघड खायला लागली.

ऑक्टोबर २००३ मात्र तुम्हाला आठवत असेल. ऐन दिवाळीच्या तोंडावर आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत काही वड्यांमध्ये अळ्या सापडल्या. कंपनी म्हणाली, दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. प्रशासन म्हणाले, वेष्टनच असे का की कीड आत शिरावी? वाद चालला, खप घसरला, घरोघरी भेटीचे डबे परत बंगाली मिठाईवर गेले. मग जानेवारी २००४ मध्ये कंपनीने वेष्टन बदलले. आत अॅल्युमिनियमचा कागद, कडा उष्णतेने चिकटवलेल्या. अमिताभ बच्चन स्वतः टीव्हीवरून सांगू लागले. लोकांनी पुन्हा जवळ केले. दुकानदाराची चूक म्हणत बसण्यापेक्षा वेष्टन बदलणे केव्हाही शहाणपणाचे, आणि ते त्यांनी केले ह्याचे गुण द्यायलाच हवेत.

आणि घराणे? कंपनीत १९१९ मध्ये फ्राय सामील झाले, १९६९ मध्ये श्वेप्स हे सोडावॉटरवाले. जसजसे शेअर बाहेर गेले तसतशी घरच्यांची सत्ता पातळ होत गेली. सर डॉमिनिक कॅडबरी अध्यक्षपदावरून २००० साली निवृत्त झाले, त्यानंतर त्या आडनावाचे कुणी खुर्चीत बसले नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने सुमारे साडेअकराशे कोटी पौंडांना कॅडबरी विकत घेतली. फ्राय मंडळींचा समरडेलचा जुना कारखाना आधीच बंद व्हायचा होता, तो आम्ही चालू ठेवू असे क्राफ्टने घेण्याआधी म्हटले होते. कंपनी ताब्यात आल्यावर आठवड्याभरातच सांगितले, जमणार नाही. इंग्लंडच्या कंपनी-व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने त्यांना जाहीर समज दिली. पण समज दिल्याने कामगारांची चूल पेटत नाही, कारखाना बंद झालाच. १८५४ पासूनची राजघराण्याची सनद डिसेंबर २०२४ मध्ये गेली. दुकानाला दोनशे वर्षे पुरी झाली त्याच वर्षी.

२०१२ मध्ये कंपनीचे पुन्हा बारसे झाले, मोंडेलीझ. हे कुणाचे आडनाव नव्हे. 'जग' आणि 'रुचकर' असे दोन शब्द जोडून बनवलेले नाव आहे, कंपनीतल्याच दोघा नोकरांनी सुचवलेले. आपल्या इथल्या कंपनीचेही २०१४ मध्ये तेच नाव झाले. नातीला बसवून वडीचे वेष्टन वाचायला दिले तर तिने बरोबर शोधून काढले, पुढे मोठ्या अक्षरात कॅडबरी आणि मागे बारीक अक्षरात मोंडेलीझ. "मग फोन कुणाला करायचा?" तिने विचारले. तिच्या आईने मागचा ग्राहक सेवेचा नंबर दाखवला.

कोकोचा प्रश्नही मिटलेला नाही. आज जगातला बराचसा कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना ह्या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी निगडित संस्थेने २०२० मध्ये पाहणीचा अहवाल दिला, त्यात तिथल्या कोकोच्या शेतांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले राबताना आढळली. फक्त एका कंपनीची ही गोष्ट नाही, सगळ्यांचीच आहे. कंपनीने इंग्लंडमध्ये २००९ मध्ये डेअरी मिल्कवर शेतकऱ्याला वाजवी भाव मिळाल्याची बाहेरच्या संस्थेची खूण आणली होती. २०१६ मध्ये ती सोडून स्वतःची योजना पुढे करायचे ठरवले. स्वतःच्या वहीवर स्वतःच मार्क देण्यासारखे आहे हे, असे मला वाटते. तुम्हाला वेगळे वाटत असेल तर जरूर लिहा.

आता दोन पत्रांना उत्तर देऊन आटोपते, दोन्हीत विचारणा एकच आहे. दिवाळीच्या भेटीत आलेल्या चॉकलेटवर पांढुरकी बुरशी दिसते, फेकायचे का? वेष्टन धड असेल, अळी-जाळी काही नसेल आणि वास बरा असेल तर ती बुरशी नव्हे. उकाड्याने चॉकलेट विरघळून पुन्हा घट्ट झाले की आतली कोकोची चरबी वर येते, बोटाने घासले की थर नाहीसा होतो. थर खरखरीत लागला तर ती साखर, फ्रिजच्या ओलाव्याने वर आलेली. दोन्ही खायला चालते, तोंडात मात्र पूर्वीसारखे विरघळत नाही. दुधात घालून उकळा, पोरांना कळतही नाही. चॉकलेट डाळी-पिठांच्या कपाटात ठेवू नका, तिथली कीड कागद पोखरून आत जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडू नका. लसूण-हिंगाजवळ तर अजिबात नको, चॉकलेट वास फार पटकन ओढून घेते.